चूक पदरात घेणाऱ्या

१२ जानेवारी

ताई,

उशिरा लिहितेय म्हणून आधी दोन शिव्या घाल आणि मग पुढे वाच. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं, मग तू ओरडतेस, आणि बोलायचं ते राहूनच जातं. त्यापेक्षा कागद बरा.

घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर एवढंसं की वळायचं तर आधी कपाटाचं दार लावावं लागतं. पलंगाशेजारी भिंतीला लोखंडी नळ्यांची चौकट बसवलीय, तिच्यात गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार राहते. कपडे धुवायची मशीनं तळघरात, सगळ्या इमारतीला मिळून तीन. पहिल्याच दिवशी मी दुसऱ्या कुणाचे तरी कपडे उपसून बाहेर ठेवले, तर एका बाईने मला असं झापलं की बस. शब्द एक कळला नाही, पण सूर अगदी तुझा. आता ती मला बघून हसते.

चिरंजीव बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करतो. सूनबाई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात जाते. पहाटे जाते, दुपारी दोनला येते, तोवर वाफेने हात सोललेले असतात. आणि आपली नात! सात महिन्यांची झाली, गालांमुळे डोळे दिसत नाहीत. नाव काय ठेवलंय ते ठेवलंय, मी तिला ठमीच म्हणते. अंघोळ मीच घालते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. का, ते तुला सांगायला नको. माझ्या दंडावरचा तो भाजल्याचा डाग अजून तसाच आहे. आईसारखं माझं नाही बाई. पोर पाण्यापाशी असलं की माझी नजर हलत नाही.

दोन काळज्या आहेत. एक, ठमीची छाती घरघरते आणि इथले डॉक्टर म्हणतात, औषध नको, आपोआप बरं होईल. दुसरी, नवरा-बायकोची रोज उठून भांडणं. बाटली कुणी उघडी ठेवली, दिवा कुणी चालू ठेवला. दोघं दमलेली असतात बिचारी. मी मध्ये पडू की गप्प बसू?

तुझी बारकी


२ फेब्रुवारी

बारके,

दोन कसल्या, चार घातल्या. महिनाभर पत्र नाही, मला वाटलं त्या मशीनीत तूच जाऊन बसलीस.

छातीचं आधी ऐक. आई करायची तेच कर. तेल कोमट करून पाठीला लाव आणि वाटीच्या काठाने वरून खाली घास. पाठ लाल झाली पाहिजे, नुसतं गोंजारत बसू नकोस. रडेल, रडू दे. आपण दोघी त्याच्यावरच वाढलो आणि अजून कुणाला ऐकत नाही.

आता भांडणांचं. तू त्या घरात मोठी आहेस, तर मोठ्यासारखी वाग. आईचं आठवतं ना? दूध उतू गेलं, "माझंच चुकलं." बाबांचा चष्मा फुटला, "माझंच चुकलं, मीच तिथे ठेवला." कुणी विचारायच्या आत चूक पदरात घेऊन मोकळी व्हायची. ज्याने केलं असेल त्याचा जीव भांड्यात पडायचा, बाबा दोन शब्द बोलून गप्प व्हायचे, आणि घर पुढे चालू लागायचं. तसंच कर. कुणी केलं, का केलं, याचा कीस पाडून कुणाचं भलं झालंय?

आणि आईला उठसूट बोल लावणं सोड आता. गेली ती. किती वर्षं तो डाग कुरवाळत बसणार आहेस?

माझं ठीक आहे. शाळेचे अकरा गणवेश शिवायचे पडलेत. एका पोराची उंची दर आठवड्याला वाढते आणि त्याची आई दोष देते माझ्या टेपाला.

ताई


९ मार्च

ताई,

घाबरू नकोस, पण ठमीचा हात मोडला. डावा, कोपराच्या वर. प्लास्टर घातलंय, लहान हाड आहे, लवकर सांधेल म्हणतात.

माझ्या हातून पडली ती. पलंगावरून उचलताना निसटली. दवाखान्यात मी तसं सांगितलं. मग डॉक्टरने तिची पाठ बघितली. आदल्याच दिवशी मी घासली होती, तर वाटीच्या काठाचे लाल-निळे पट्टे होते. डॉक्टर बाहेर गेला आणि परत आला तो दोन पोलीस घेऊन. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. कागदावर सही केली.

आता मी घरी राहत नाही. ठमीच्या जवळ जायला बंदी आहे मला. चिरंजीवाच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याची म्हातारी आई आहे, तिच्या मागच्या खोलीत राहते. खाली पत्ता दिलाय. माझी पिशवी तपासली तेव्हा तुझं पत्रसुद्धा घेऊन गेले. त्यांना काय कळणार म्हणा त्यातलं.

जास्त विचार करू नकोस. माझंच चुकलं.

बारकी


२४ मार्च

बारके,

हे तू कुणाला सांगतेस? मला?

तू आठ वर्षं बालवाडीत पोरं सांभाळलीस. ओल्या अंगाची, वळवळणारी, चावणारी पोरं उचललीस. एकही हातातून सुटलं नाही. आणि स्वतःची नात निसटली? पत्रात "कशी पडली" याच्यावर एक ओळ, आणि "माझंच चुकलं" मात्र ठणठणीत अक्षरात. मी काय आज ओळखते तुला?

खरं काय ते लिही. नाहीतर मी या पत्रानंतर पुन्हा कागदाला हात लावणार नाही.

ताई


१० एप्रिल

ताई,

बरं, ऐक. पण हे तुझ्या-माझ्यात. पुढे जाता कामा नये.

त्या दिवशी सूनबाई कामावरून आली, ठमीला घेऊन पलंगावर आडवी झाली. मी कपड्यांची टोपली घेऊन तळघरात गेले. पोरगी सलग नऊ दिवस कामावर जात होती गं, सुटी नाही. पाजता पाजता तिला झोप लागली. ठमी सरकली आणि पलंगाच्या आणि त्या लोखंडी चौकटीच्या मधल्या फटीत पडली. हात खाली अडकला. किंकाळी मला जिन्यात ऐकू आली.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? सूनबाई पांढरीफटक. चिरंजीव तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडातून काहीतरी निघणार हे मला दिसत होतं. "तुझं लक्ष कुठे होतं?" असं एकदा म्हटलं असतं ना, तर ते दोघांच्या मध्ये जन्मभर राहिलं असतं. तुझं पत्र डोक्यात होतंच. मी बोलून टाकलं, माझ्या हातून पडली. मला वाटलं, डॉक्टर दोन शब्द बोलेल, मी मान खाली घालीन, झालं.

आपल्याकडे झालंच असतं. इथे ते लिहून घेतात आणि खटला भरतात. मला सरकारनेच एक वकीलबाई दिलीय.

आता खरं सांगावं तर आईचं दुर्लक्ष म्हणून ठमीलाच घरातून नेतील, अशी सूनबाईला धास्ती. ती रोज फोन करते आणि रडते. म्हणते, मी जाऊन सांगते. मी म्हणते, सांगून बघ, तंगडी मोडीन तुझी. ठमी आईच्या मांडीवर राहू दे. मी म्हातारी, मला कुणी किती खाणार?

एक सांगू? आईवर मी इतकी वर्षं राग धरला, पण मला भाजलं तेव्हा ती निदान लगेच कबूल झाली होती. तेवढं मी तिला देते.

बारकी


२६ एप्रिल

बारके,

रागाव, पण मी केलंय ते ऐक. तुझ्या वकीलबाईंचा पत्ता तुझ्या मुलाकडून घेतला. त्यांना रजिस्टर पत्र पाठवलं, चार पानी. शेजारच्या मास्तरांकडून सुवाच्य लिहून घेतलं.

त्यात मी स्पष्ट लिहिलं की आमच्या घरात मोठी माणसं दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतात, ही आमची जुनी रीत आहे. आमची आई घ्यायची. माझ्या बहिणीने तेच केलं. तिच्या सहीला अर्थ नाही. आणि पाठ घासणं म्हणजे मारणं नव्हे, ते मी तिला सांगितलं होतं, विचारायचं तर मला विचारा. सूनबाईचं नाव मी कुठेही घेतलं नाही, तेवढी अक्कल आहे मला. नुसतं लिहिलं की पोर आपोआप पडलं.

शहाण्या माणसांची कोर्टं आहेत ती, वाचलं की समजेल त्यांना. तू आता पोटभर जेव.

ताई


१८ जून

ताई,

संपलं काल. उभ्याने ऐकलं सगळं, आज बसून लिहितेय.

कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं मोठं काहीतरी. शाळेच्या वर्गाएवढी खोली. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती, सारख्या नाक पुसत होत्या. माझ्याशेजारी दुभाष्या होता, भला माणूस, पण आपली भाषा पुस्तकातून बोलतो. "आपण बालिकेस इजा पोहोचवली काय?" मला त्या प्रसंगातसुद्धा हसू आलं.

सरकारी वकिलाकडे तुझी दोन्ही पत्रं होती, पिशवीतलं आणि आमच्या वकीलबाईंनी माझ्या बाजूचं म्हणून कोर्टात दिलेलं ते चार पानी. पहिल्यातलं "पाठ लाल झाली पाहिजे, रडेल, रडू दे" मोठ्याने वाचलं. ताई, तुझे शब्द त्या खोलीत दुसऱ्या भाषेत ऐकले आणि मलाच वाटलं, कोण ही दुष्ट बाई? न्यायाधीशबाईंनी विचारलं, पाठ घासल्याचा पश्चात्ताप होतो का? मी म्हणाले, तिची छाती मोकळी झाली होती. आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. तिथे होय म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. जिथे माझं चुकलं नव्हतं तिथे मी कबूल झाले, आणि जिथे नुसतं चुकलं म्हणायचं होतं तिथे नाही म्हटलं.

आणि मग सूनबाई उठली. कुणाला न विचारता. तिने सगळं सांगितलं, कारखाना, नऊ दिवस, झोप, फट, सगळं. मी ओरडले, खाली बस म्हणून. मला गप्प केलं.

सरकारी वकिलाने तिला काहीच विचारलं नाही. तुझं दुसरं पत्र उचललं. म्हणाला, या घरात माणसं एकमेकांसाठी खोटी कबुली देतात, हे आरोपीची बहीणच लिहून देते. सासू सुनेसाठी खोटं बोलली असेल, तर सून सासूसाठी बोलणार नाही कशावरून?

सूनबाई उभीच होती, हात पुढे धरून, ते सोललेले हात.

न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं नातीवर प्रेम असेल. ते ठरवणं माझं काम नाही. माझ्यापुढे एक मोडलेलं हाड आहे, पाठीवरच्या खुणा आहेत, एक सही आहे, आणि स्वतःच स्वतःला खोटं म्हणणारं घर आहे. यातून मला निकाल द्यायचाय."

तुरुंग नाही. सहा आठवड्यांत हा देश सोडायचा. ठमी सज्ञान होईपर्यंत तिला भेटायचं नाही, पत्र नाही, फोन नाही. जाण्याआधी एकदा अर्धा तास, सरकारी खोलीत, त्यांच्या बाईसमोर. ठमी आईबापांकडेच राहील, दर आठवड्याला तपासायला माणूस येईल.

मी चौसष्ट. ठमी अठराची होईल तेव्हा मी किती, ते तूच मोज. मला मोजवत नाही.

तुझ्यावर राग नाही. तू चांगल्यासाठीच लिहिलंस.

बारकी


२ जुलै

बारके,

"राग नाही" लिहिलंस. थांब. हे वाच आणि मग ठरव.

तुझं पत्र आल्यापासून मशीनला हात लावला नाही मी. गणवेश तसेच पडलेत. मी जे सांगणार आहे ते साठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तुला आईने भाजलं नाही. मी नऊ वर्षांची होते, तू चार. आईने उकळतं पातेलं उतरवून ठेवलं आणि मला म्हणाली, मी दोरीवरचे कपडे काढून येते, बारकीकडे बघ. मी बाहुलीच्या झग्याचा गळा कापत बसले होते. तुझ्याकडे पाठ होती माझी. तू पातेलं ओढलंस. बाबा धावत आले, त्यांच्या हातात पट्टा होता की नव्हता मला आठवत नाही, पण मला तो दिसला. आणि त्यांनी विचारायच्या आत आई दारातून म्हणाली, माझ्या हातून सांडलं. माझा जीव भांड्यात पडला. तुझा दंड सोललेला होता आणि माझा जीव भांड्यात पडला, बारके.

पुढे तुझा मुलगा झाला. आई तुझ्याकडे महिनाभर राहायला आली, आणि तू तिला बाळाला अंघोळ घालू दिली नाहीस. "तू नको, आई, बाहेर थांब." मी होते तिथे. ती रोज न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहायची. एकदा मी तिला म्हणाले, सांगून टाकू का हिला? तर म्हणाली, "आता सांगून काय? तुमच्या दोघींत उगीच वाकडं यायचं. तिचा माझ्यावर राग आहे, तो राहू दे. मला सवय झालीय त्याची."

मला सोयीचं होतं म्हणून मी ते ऐकलं. आणि वर तुला शहाणपण शिकवलं, चूक पदरात घे म्हणून. मी कधी कुणाची घेतली नाही गं. मी फक्त देणारी.

आईच्या रीतीत घर पुढे चालायचं हे खरं. पण ज्या पोराला लागलं त्याला खरं कधीच कळायचं नाही. ते पोर चुकीच्या माणसावर राग धरून म्हातारं व्हायचं. तुझं झालं. ठमीचं होऊ देऊ नकोस. सूनबाईला सांग.

ताई


१७ जुलै

ताई,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिले दोन दिवस तुला इतक्या शिव्या घातल्या की घरमालकीण म्हातारी दार उघडून बघून गेली. साठ वर्षं, ताई. आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या खोलीत जायचे, औषध द्यायचे आणि बाहेर यायचे. बसले नाही एकदाही. ते कोण भरून देणार?

काल ठमीची भेट झाली. खोलीत बुटक्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत प्राणी, आणि कोपऱ्यात ती सरकारी बाई घड्याळ बघत. उचलायचं नाही, हात लावायचा नाही, असं दारातच सांगितलं. ठमी वर्षाची झालीय. खुर्ची धरून चालते. प्लास्टर केव्हाच निघालंय, डावा हात छान हलतो, मी त्याच्याकडेच बघत होते. तिने आधी मला ओळखलं नाही. मग मी नेहमीसारखं जिभेने टकटक केलं, तर थांबली, आणि हसली.

सूनबाईला मी सगळं सांगितलं, तुझं, आईचं, पातेल्याचं. तिने ऐकून घेतलं. मग ठमीपुढे जमिनीवर बसली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "एक गोष्ट सांगते हं. आईला झोप लागली होती. तू पलंगावरून पडलीस. तेव्हा आजी खाली कपडे धूत होती. आजीने तुला पाडलं नाही." दोनदा सांगितली. कोपऱ्यातल्या बाईने विचारलं, काय बोलताय? सूनबाई म्हणाली, गोष्ट सांगतेय. बाईने मान हलवली आणि वहीत काही लिहिलं. रोज सांगणार आहे म्हणाली, तिला समजायला लागेपर्यंत आणि समजल्यावरही.

मग ठमीने पेल्यातलं पाणी अंगावर सांडलं. गळा, पोट, सगळं ओलं. मी जुन्या सवयीने पिशवीत तिचा छोटा टॉवेल घेऊन गेले होते. काढला आणि पुढे झाले. ती बाई म्हणाली, "नाही. तुम्ही नको." दरडावून नाही गं, हळूच म्हणाली. मी जिथे होते तिथे थांबले. सूनबाईने माझ्या हातातून टॉवेल घेतला नाही, तिला रडू आवरत नव्हतं, तिने आपल्या ओढणीनेच ठमीला पुसलं. आणि मी टॉवेल हातात घेऊन दारापाशी उभी.

ताई, मला आई दिसली. ती अशीच उभी असायची. महिनाभर, रोज. आणि तिला बाहेर ठेवायला ना कोर्ट लागलं, ना सही. मी एकटीने ठेवलं.

अर्धा तास झाला. ठमी टाटा करायला शिकलीय, दोन्ही हातांनी करते.

या महिन्याच्या २८ तारखेला निघतेय. तू न्यायला ये. तुझ्यावर राग आहे, तो पोचेपर्यंत कमी होईल असं वाटत नाही, पण तुझ्याशिवाय मला घर कुठे आहे? फक्त भेटल्या भेटल्या "माझंच चुकलं" म्हणू नकोस. ते दोन शब्द आता मला कुणाकडूनच ऐकवत नाहीत. नुसती पिशवी धर.

आईचा फोटो मशीनच्या वर आहे ना अजून? काच पुसून ठेव. आल्यावर आधी तिच्यासमोर बसायचंय मला.

बारकी